एका लाकडी एंटरप्राइजची हिवाळी डागडुजी

ऑक्टोबर संपत आला की इंग्लंडमधल्या सेलिंग क्लबांच्या फलकांवर जुन्या होड्या विकायच्या चिठ्ठ्या लागतात. पुढच्या वर्षीचं जागाभाडं भरायची वेळ आलेली असते आणि होडी दोन-तीन हंगाम पाण्यात उतरलेली नसते. अशाच एका चिठ्ठीवरून मी साठच्या दशकातली लाकडी एंटरप्राइज घेतली. नव्या शिडांच्या एका जोडाला जेवढे पैसे पडतात त्याहून कमी पैशांत होडी, डोलकाठी, ट्रॉली आणि एक फाटकं आच्छादन मिळालं. मला ती शोभेला नको होती. रविवारच्या शर्यतीत उतरवायची होती, तीही तिच्यापेक्षा कितीतरी नव्या, फायबरच्या एंटरप्राइजांच्या बरोबरीनं. त्यामुळे खरवडून व्हार्निश मारण्यावर भागणार नव्हतं. आजच्या शर्यतीत होडीवर जो ताण येतो तो तिला झेपला पाहिजे होता. अख्खा हिवाळा त्यात गेला.

एंटरप्राइज ही सव्वातेरा फुटांची, दोघांनी चालवायची होडी. जॅक होल्ट यांनी १९५६ साली तिचा आराखडा केला आणि 'न्यूज क्रॉनिकल' या वृत्तपत्रानं ती लोकांपुढे आणली. कॅडेट आणि जीपी १४ या होड्याही होल्ट यांच्याच, आणि पुढे आलेल्या मिरर या होडीतही त्यांचा हात होता. युद्धानंतर मरीन प्लाय आणि पाण्यात टिकणारे गोंद बाजारात सहज मिळू लागले होते. ज्याच्याकडे रंधा, करवत आणि मोटार ठेवण्याएवढी जागा आहे त्याला घरच्या घरी होडी बांधता यावी, असे हे आराखडे होते. सपाट प्लायचे तुकडे वाकवून जोडायचे म्हणून तळ आणि बाजू यांच्या मध्ये दोन्हीकडे दोन-दोन कोन येतात. त्या कोनांच्या कडांना चाइन म्हणतात. फिकट निळी शिडं हा या वर्गाचा, म्हणजे एकाच आराखड्याच्या या होड्यांचा, जुना शिक्का. लांबूनही ओळखू येते.

माझी तिच्याशी ओळख मुंबईत झाली. कॉलेजात असताना मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते, आणि शिडाची दोरी हातात पहिल्यांदा आली ती एंटरप्राइजवर. आपल्याकडे या वर्गाचा मोठा काळ होता. १९८२च्या एशियाडमधल्या शिडांच्या शर्यती मुंबईत झाल्या, तेव्हा एंटरप्राइजचं सुवर्ण कराचीच्या बायराम आणि गोश्पी आवारी या नवरा-बायकोनं नेलं, आणि फायरबॉल वर्गातलं सुवर्ण आपल्या फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मिळवलं. इथे मिडलँड्समधल्या एका जलाशयावर निळी शिडं पाहिली तेव्हा क्लबात नाव घालायला मी जास्त विचार केला नाही.

आता ताणाबद्दल. पूर्वी एंटरप्राइजची डोलकाठी आजच्या मानानं सैल उभी असे. आज शर्यतीला निघताना जिबची, म्हणजे पुढच्या लहान शिडाची, तारेची हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायची तार, लिव्हरनं किंवा कप्प्यांच्या जोडणीनं करकचून ताणतात. एंटरप्राइजला स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना लावायचं मोठं फुगीर शीड, नाही; ट्रॅपीझ, म्हणजे होडीबाहेर लटकून तोल सांभाळायची तार, तीही नाही. वाऱ्याच्या रोखानं चढताना जिबची पुढची कड जितकी सरळ, तितकी होडी वाऱ्याच्या जवळ जाते. कड ढिली पडली की शीड फुगतं, होडी आडवी घसरते, आणि शर्यतीची वाट दाखवणाऱ्या पहिल्या तरंगत्या बॉयपर्यंतच चार-सहा होड्या पुढे निघून जातात. पण ती कड सरळ ठेवायला दिलेला ताण कुठेतरी उतरावाच लागतो. जिबची तार नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, वर ओढते. दोन्ही बाजूंच्या तारा, म्हणजे श्राउड, होडीच्या काठांना वर आणि आत ओढतात. या तिघींचं मिळून सगळं ओझं डोलकाठीच्या बुंध्यातून खाली, होडीच्या कण्यावर, म्हणजे तळाच्या मधोमध लांबीनं जाणाऱ्या जाड लाकडावर, येतं. म्हणजे तीन ठिकाणी होडी वर उचलायची आणि मध्ये खाली दाबायची. नव्या होड्यांत हे ओझं वाहायला आत आधार घातलेले असतात. जुन्या प्लायच्या होडीत ते वाट मिळेल तिकडून जातं, आणि जिथून जातं तिथला सांधा उघडतो.

म्हणून काहीही खोलण्याआधी मी होडी ट्रॉलीवर ठेवून डोलकाठी उभी केली. सेंटरबोर्डची पेटी म्हणजे होडीच्या मध्यावर तळातल्या फटीभोवती बांधलेला उभा खोका. सेंटरबोर्ड, म्हणजे होडी आडवी घसरू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी, त्यातून खाली उतरतो. तिच्या भोवती दोन-तीन बादल्या पाणी ओतलं आणि टॉर्च घेऊन होडीखाली आडवी पडले. तारा सैल असताना खाली थेंब नव्हता. मग मैत्रिणीला लिव्हर ओढायला सांगितला. पेटीच्या पुढच्या टोकाशी, जिथे ती कण्याला मिळते, तिथे आधी लाकूड ओलसर दिसू लागलं, मग एक थेंब जमला, मग ओघळ. लिव्हर सोडला की ओघळ थांबे. पुन्हा ओढला की पुन्हा सुरू. जुन्या मालकानं त्या जागी बाहेरून सिलिकॉनचे थरावर थर दिले होते. त्यांचा उपयोग होणं शक्यच नव्हतं, कारण फट भरायची गरज नव्हतीच, ती फट उघडणारी हालचाल थांबवायची होती. जुनी होडी घेणाऱ्या प्रत्येकानं ही चाचणी करावी असं मी म्हणेन. नुसतं पाणी भरून काही कळत नाही. ताण देऊन पाहिलं की होडी स्वतः दुखरी जागा दाखवते.

आणखीही खुणा होत्या. श्राउडची खालची टोकं अडकवायच्या धातूच्या पट्ट्या बाजूंना जिथे स्क्रूनं बसवल्या होत्या तिथल्या व्हार्निशला तिरप्या बारीक चिरा गेल्या होत्या. आडवी बैठक, म्हणजे थ्वार्ट, एका टोकाला बाजूपासून सुटली होती; फटीत पत्त्याचं पान सहज जात होतं. आणि डोलकाठीच्या पायाखालचा कणा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकला की बद्द वाजे. एक हात मागे ठोकलं की टणक आवाज येई. पावसाचं गोडं पाणी त्या खोबणीत वर्षानुवर्षं साचलं होतं. समुद्रावर राहिलेल्या होडीपेक्षा तळ्यावरच्या लाकडी होडीला कुजण्याचा धोका जास्त. गोड्या पाण्यात बुरशीला मोकळं रान मिळतं.

नोव्हेंबरात होडी गॅरेजमध्ये आणून उपडी केली. उपडी करताना आणि नंतर काही कापताना तिचा आकार हलता कामा नये, म्हणून दोन सुतारी घोड्यांवर तिच्या तळाच्या वळणाला जुळतील असे प्लायचे साचे कापले, त्यांना जुन्या गालिच्याची पट्टी लावली आणि त्यांत तिला बसवलं. नाळेपासून ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या सपाट फळीच्या, दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी लावून कर्ण मोजले. दोन्ही सारखे आले. हे आकडे गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहिले आणि प्रत्येक मोठ्या कामानंतर पुन्हा मोजत गेले. शर्यतीच्या होडीला माप असतं. वाकडी चिकटवलेली होडी मजबूत असली तरी मापात बसत नाही, आणि पाण्यातही एका बाजूला ओढते.

मग वाळवणं. हा भाग सांगायला सोपा, करायला कंटाळवाणा, आणि सगळं त्याच्यावरच उभं. या वर्गात मोकळ्या होडीचं वजन साधारण ९४ किलो धरतात. माझी टांगत्या काट्यावर १०४ भरली. जास्तीचं वजन म्हणजे लाकडानं पिऊन ठेवलेलं पाणी आणि एकावर एक चढवलेला रंग. ओल्या लाकडात इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचा गोंद, मुरत नाही, आणि वरून थर दिला तर आतलं पाणी आतच कोंडून लाकूड झाकल्या जागी कुजतं. डीह्युमिडिफायर रात्रंदिवस चालू ठेवला, हवाबंद टाक्यांची झाकणं काढून ठेवली, आणि मॉइश्चर मीटरच्या दोन सुया ठरावीक जागी टोचून आकडे लिहीत गेले. सुरुवातीला कण्याजवळ २० टक्क्यांच्या वर होते. सगळीकडे १२च्या आसपास येईपर्यंत मी गोंदाचा डबा उघडला नाही. तोवर खोलण्याचं आणि खरवडण्याचं काम.

पितळी स्क्रूंनी वेळ खाल्ला. पितळ ओलाव्यात बरीच वर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचा ठिसूळ सापळा उरतो. अशा स्क्रूचं डोकं पिवळं नसतं, गुलाबी दिसतं, आणि पान्याचा जरा जोर लावला की मोडून हातात येतं. क्लबात एक निवृत्त सुतार आहेत, आयुष्यभर खिडक्या-जिने केलेले. त्यांनी एक युक्ती दाखवली. सोल्डरिंग आयर्न तापवायचं, त्याचं टोक स्क्रूच्या खाचेत मिनिटभर टेकवून धरायचं. स्क्रू तापून फुगतो, भोवतालचं जुनं व्हार्निश आणि गोंद मऊ पडतो. मग लगेच सोडवायचा नाही. थोडा निवू द्यायचा म्हणजे आकसतो, आणि मग खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर आधी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवायचा. 'टक्' असा बारीक आवाज येतो. तो आला की उलटं फिरवायचं. न घाई करता केलं तर दहातले आठ-नऊ सबंध निघतात. उरलेल्यांना पोकळ नळीसारखं पातं लावून भोवतीच्या लाकडासकट काढलं आणि त्या भोकांत नंतर लाकडी खुंट्या चिकटवल्या. पितळ परत वापरलं नाही; जिथे स्क्रू राहणारच होते तिथे सिलिकॉन ब्राँझचे घेतले.

हीट गन आणि स्क्रेपरनं जुना रंग उतरवला. आतून व्हार्निश काढल्यावर गबून या लाकडाचा गुलाबीसर प्लाय निघाला, आणि त्यावर पाण्याचे काळे डाग. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं पाणी लावून ते बरेचसे गेले. हातमोजे, चष्मा आणि मास्क घालूनच हे करायचं, आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं. म्हणजे पुन्हा वाळवणं आलं.

पेटी काढायला घेतली तेव्हा ती जवळजवळ आपणहून निघाली. कण्याशी तिचा सांधा त्या काळच्या युरिया फॉर्मल्डिहाइड गोंदानं जोडलेला होता. घरगुती होड्यांच्या त्या पिढीत हाच गोंद सर्रास वापरत. सांधा घट्ट, सुबक बसलेला असेल तर तो दीर्घकाळ टिकतो. पण सांध्याला सतत हिसके बसले आणि पाणी लागत राहिलं की त्याचे कण सुटतात. पटाशीनं खरवडला तर खडीसाखरेसारखा चुरा पडत होता. त्याच्या खाली लाकूड मात्र स्वच्छ होतं, रंध्याच्या मूळ खुणा अजून दिसत होत्या. कुणीतरी साठ वर्षांपूर्वी किती नीट रंधा मारला होता ते पाहून मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार आदर वाटला.

कुजका भाग डोलकाठीच्या पायाखाली हातभर होता. तो कापला, आणि कापताना कुजक्याच्या हद्दीवर थांबले नाही. चांगल्या लाकडात बरंच आत गेले. नवा तुकडा सपाट टोकांनी बसवून चालत नाही. दोन्ही टोकं लांब तिरपी तासायची, जाडीच्या किमान आठ पट उतार द्यायचा, म्हणजे गोंदाला मोठं अंग मिळतं आणि ताण एका रेषेवर न पडता त्या उतारावर पसरतो. तळाच्या ६ मिलिमीटर प्लायमध्येही एक ठिगळ लागलं. तिथे हाच हिशेब म्हणजे ४८ मिलिमीटरचा उतार. प्लायमध्ये तो तासताना मजा येते, कारण थरांच्या कडा समांतर पट्ट्यांसारख्या उघड्या पडतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या की उतार बरोबर. एखादी वाकली की तिथे रंधा जास्त दाबला गेलाय. मापाच्या पट्टीपेक्षा डोळ्यांना हे लवकर कळतं.

मजबुतीचा बेत मात्र मी एकटीनं पक्का केला नाही. माझे बाबा डोंबिवलीत असतात. त्यांनी सगळी नोकरी माझगाव डॉकमध्ये, जहाजांच्या सांगाड्यावर केली. लाकडी होडीशी त्यांचा संबंध नाही, पण ताण म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून खूप चांगलं कळतं. मी फोनचा कॅमेरा होडीत फिरवला आणि सांगितलं, कण्यावर डोलकाठीच्या खाली वरून एक जाड फळी चिकटवणार आहे.

"किती लांब?"

"पायाच्या पुढे-मागे वीतभर, बाबा."

"आणि ती फळी जिथे संपते तिथे काय?"

"तिथे जुना कणा आहे. चांगला आहे, ठोकून बघितलाय."

"अगं, चांगला आहे म्हणून काय झालं? इथे तू दुप्पट जाड केलंस, आणि त्याच्या पुढे एकदम अर्धा. आता वाकायचं ते सगळं त्या काठावर वाकेल. आमच्याकडे पट्टी मारली आणि टोक बोथट सोडलं की चीर तिथूनच निघायची. लांब घे. टोकं निमुळती कर. आणि दोन पट्ट्या असतील तर दोघींची टोकं एका रेषेत आणू नकोस."

हे ऐकल्यावर मी सगळा आराखडा पुन्हा काढला. जाड आणि आखूड फळीऐवजी सपेली या कठीण लाकडाच्या तीन पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. खालची सगळ्यात लांब, पुढच्या फ्रेमपासून पेटीच्या मध्यापर्यंत. वरच्या दोन क्रमानं आखूड, आणि तिघींची टोकं शून्यापर्यंत तासलेली. पेटीची पुढची भिंत या पट्ट्यांवरच बसवली, म्हणजे डोलकाठीचं ओझं कण्यावरून थेट पेटीच्या उभ्या भिंतींत उतरतं. ती पेटी मुळात एक खोल तुळईच आहे, नीट जोडली तर सगळ्या होडीत तिच्याइतकं ताठ दुसरं काही नाही. जुन्या होडीत ती ओझं घेत नव्हती, कारण तिचा कण्याशी सांधाच मेला होता. बाहेरून काही नवीन आणून लावण्यापेक्षा होडीत आधीपासून असलेली ताकद कामाला लावणं मला जास्त पटतं, आणि वजनही वाढत नाही.

श्राउडच्या पट्ट्यांचं तेच. आधी त्या बाजूच्या प्लायला एका लहान ठोकळ्यात स्क्रूनं धरलेल्या होत्या. वर ओढणारी तार आणि धाग्यांतून उपटून येणारे स्क्रू. दर हंगामात थोडे-थोडे सैल. आता आत प्लायचा मोठा, कडा उतरत्या केलेला पॅड चिकटवला, तो खाली चाइनपर्यंत आणि वर काठाच्या पट्टीपर्यंत नेला, आणि पट्ट्या आरपार बोल्टनं बसवल्या. भोकं आधी मोठी पाडून त्यांत घट्ट इपॉक्सी भरायचं, ते वाळलं की त्यात नेमक्या मापाचं भोक पाडायचं. यानं बोल्टच्या वाटेनं लाकडात पाणी जात नाही आणि बोल्ट कच्च्या लाकडावर न टेकता टणक कड्यावर टेकतो. दोन्ही काठ आत ओढले जातात त्यांना रोखायचं काम थ्वार्टचं. म्हणून तिची टोकं नव्या त्रिकोणी आधारांनी बाजूंना पक्की केली. यातलं काय नियमात बसतं ते आधी वर्ग संघटनेच्या मापकाला विचारून घेतलं होतं. हौशी लोक बरेचदा हे शेवटी विचारतात, आणि मग चांगलं काम तासून काढावं लागतं.

गोंदकाम जानेवारीत आलं, आणि जानेवारीत इथे गॅरेजमध्ये तीन-चार अंश. मी वेस्ट सिस्टिम या कंपनीचं इपॉक्सी रेझिन वापरलं, पाच भाग रेझिनला एक भाग हार्डनर. या प्रमाणात हार्डनर वाढवून लवकर वाळत नाही. न जुळलेला हार्डनर तसाच मागे राहतो आणि सांधा कायमचा मऊ. वेग हवा असेल तर ऊब वाढवायची. होडीवर पॉलिथिनचा तंबू केला, आत तेलाचा विजेरी रेडिएटर ठेवला, आणि दोन थर्मामीटर: एक हवेत, एक थेट लाकडाला टेकवून. हवा अठराला पोचली तरी लाकूड बराच वेळ आठ-नऊवरच असतं. वाट पाहायची ती लाकडाची. रेझिनचे डबे घरात रेडिएटरजवळ ठेवायचे, नाहीतर पंपातून मधागत जाड धार येते आणि माप चुकतं.

आधी दोन्ही अंगांना नुसतं पातळ इपॉक्सी लावायचं आणि लाकडाला पिऊ द्यायचं. कडेची उघडी नस तर दोनदा-तीनदा पिते. मग कोलॉइडल सिलिका घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, आणि मग क्लॅम्प. क्लॅम्प फार आवळायचे नाहीत. जुन्या गोंदाला दाब लागे. इपॉक्सी सगळं पिळून बाहेर आलं तर सांधा उपाशी राहतो. कडेनं सलग बारीक मणी बाहेर आला की पुरे. बाहेर आलेल्या इपॉक्सीला गोल टोकाच्या काठीनं कोपऱ्यात गोलाई दिली. वाळल्यावर त्यावर मेणचट थर येतो. तो आधी साध्या पाण्यानं आणि खरखरीत स्क्रबरनं धुवून काढायचा, मगच पॉलिश पेपर. न धुता घासलं तर तो थर आत रगडला जातो आणि पुढचं व्हार्निश धरत नाही.

चाइनच्या आतल्या कोनांना पेटीच्या लगतच्या भागात काचेच्या कापडाची पट्टी दिली. सगळीकडे नाही. काहीजण होडीला आतून-बाहेरून काचकापडात गुंडाळतात. माझ्या मते शर्यतीच्या हलक्या होडीचा त्यानं जीव जातो: वजन चढतं, आणि तेही टोकांना चढलं तर लाटेवर नाळ उशिरा उचलते.

व्हार्निश, रंग, नवे क्लीट, नव्या दोऱ्या यांबद्दल फार सांगत नाही. ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं. एवढंच की इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून त्यावर अतिनील किरण अडवणाऱ्या व्हार्निशचे पुरेसे थर हवेतच, आणि थंडीत संध्याकाळी व्हार्निश लावू नये, दव धरून ते पांढुरकं पडतं. सकाळी दहाला सुरू करून दोनच्या आत ब्रश धुवायचा.

मार्चमध्ये काट्यावर ९७ किलो. नवं लाकूड घालूनही सात किलो कमी. पाणी आणि जुना रंग मिळून किती वजन वागवत होतो ते त्यावरून कळलं. भिंतीवरचे कर्ण आणि आताचे कर्ण जुळले.

मग पुन्हा तीच चाचणी. ट्रॉलीवर डोलकाठी उभी, पेटीभोवती पाणी, मी टॉर्च घेऊन खाली आणि मैत्रीण लिव्हरवर. तिनं पूर्वीइतका ताण दिला. कोरडं. मग श्राउडवर टेन्शन गेज लावून, नव्या फायबरच्या होड्या आमच्या क्लबात जेवढा ठेवतात तेवढ्यावर नेला. पेटीच्या पुढच्या टोकाला बोट फिरवलं, कोरडं. थ्वार्टच्या टोकाशी पत्त्याचं पान लावून पाहिलं, जागाच नव्हती. तसाच ताण ठेवून रात्रभर सोडली आणि सकाळी गेज पाहिलं. काटा त्याच आकड्यावर होता. माझ्या दृष्टीनं होडी तेव्हाच पास झाली. सांधे सरकत असते तर रात्रीत काटा उतरलाच असता.

एप्रिलच्या पहिल्या जोरदार वाऱ्याच्या शर्यतीत फरक समजला तो दोन ठिकाणी. झोताबरोबर वाऱ्याखालची श्राउड थोडीच सैल पडत होती, आणि झोत आला की होडी आधी कण्हून मग निघायच्या ऐवजी तडक पुढे सुटत होती. ताकद होडी वाकवण्यात खर्च होत नव्हती. वाऱ्याच्या रोखानं आम्ही नव्या होड्यांच्या बरोबरीनं चढलो. वाऱ्याबरोबर येताना मागे पडलो, पण ते जुन्या शिडांमुळे आणि आमच्या सरावामुळे. बाबांना संध्याकाळी फोन केला तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पट्टीच्या टोकांशी चीर दिसते का. भिंग लावून पाहिलं होतं, नव्हती. "दर महिन्याला बघत जा," म्हणाले.

आता नजर ट्रान्समवर आहे. सुकाणूच्या खालच्या बिजागरीमागे लाकूड किंचित काळवंडलं आहे आणि मीटर तिथे १६ दाखवतो. तिथलेही स्क्रू गुलाबी असणार. हंगाम संपेपर्यंत दर रविवारी बिजागरी हलवून बघायची, आणि नोव्हेंबरात तो कोपरा उघडायचा. सपेलीचा उरलेला तुकडा त्यासाठी बाजूला ठेवला आहे.